स्तोले सोलबाक्कन यांची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियर लीग पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना अर्लिंग हालांड आणि मार्टिन ओडेगार्ड ही नावे चांगली परिचयाची आहेत. या दोघांसह नॉर्वेच्या संघाची बांधणी करून त्याला 28 वर्षांनी विश्वचषकापर्यंत नेणारे प्रशिक्षक स्तोले सोलबाक्कन मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाहीत. मध्यरक्षक म्हणून त्यांनी नॉर्वेसाठी 58 आंतरराष्ट्रीय सामने खेळले, सरावादरम्यान हृदय बंद पडल्यामुळे त्यांना खेळ सोडावा लागला आणि त्यानंतर त्यांनी डेन्मार्कमध्ये तब्बल आठ लीग विजेतेपदे मिळवली. त्यांच्याविषयी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सोलबाक्कन यांचा जन्म कोठे झाला आणि त्यांनी खेळायला सुरुवात कोणत्या क्लबकडून केली?

त्यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1968 रोजी आग्नेय नॉर्वेतील कोंग्सविंगर येथे झाला. स्वीडनच्या सीमेपासून जवळ असलेला हा भाग जंगलांचा आणि छोट्या गावांचा आहे. त्यांचे बालपणीचे फुटबॉल तेथील ग्रू या स्थानिक क्लबमध्ये झाले. 1989 मध्ये ते हामार शहरातील हामकाम या क्लबमध्ये गेले. 1994 ते 1997 या काळात ते लिलेस्त्रोमकडून खेळले. त्या दशकात नॉर्वेच्या लीगवर रोझेनबोर्ग या क्लबची जवळजवळ एकहाती सत्ता होती, त्यामुळे लिलेस्त्रोमला 1994 आणि 1996 या दोन्ही हंगामांत दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मात्र याच वर्षांत सोलबाक्कन राष्ट्रीय संघात स्थिरावले.

ते कोणत्या प्रकारचे मध्यरक्षक होते?

ते उंच होते, शरीराने भक्कम होते आणि मैदानाच्या मध्यभागी उभे राहून दोन्ही दिशांना खेळणारे होते. चेंडू पायाला चिकटवून चार जणांना चकवणाऱ्यांपैकी ते नव्हते. संघाच्या रांगा एकमेकींपासून दूर जाऊ न देणे, सहकाऱ्यांना सतत सूचना देत त्यांना जागेवर ठेवणे आणि योग्य क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रात उशिरा पोहोचून गोल करणे ही त्यांची बलस्थाने होती. नॉर्वेसाठी त्यांनी केलेले 9 गोल मध्यरक्षकाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. पुढे प्रशिक्षक म्हणून ते ज्या गोष्टींचा आग्रह धरत आले आहेत, त्यांतील बहुतेक गोष्टी खेळाडू असताना ते स्वतः मैदानावर करत होते.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनकडून खेळताना त्यांना यश का मिळाले नाही?

1997 च्या शरद ऋतूत ते विम्बल्डनमध्ये गेले आणि जेमतेम अर्धा हंगाम तेथे राहिले. त्यांना प्रीमियर लीगमध्ये 6 सामने खेळायला मिळाले. व्यवस्थापक जो किनिअर यांच्याशी त्यांचे मतभेद झाल्यावर संघातील त्यांचे स्थान गेले आणि 1998 मध्ये ते डेन्मार्कमधील ऑलबोर्ग शहराच्या आब या क्लबकडे गेले. हा बदल त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. स्वीडिश प्रशिक्षक हान्स बाके यांच्या हाताखाली आबने 1998-99 च्या हंगामात डॅनिश लीग जिंकली. त्या संघाच्या मधल्या फळीचा आधार सोलबाक्कन होते. डेन्मार्कशी त्यांचे जे नाते तेव्हा जुळले, ते पुढची दोन दशके टिकले.

1998 च्या विश्वचषकातील नॉर्वेच्या संघात ते होते का?

होय. फ्रान्समधील त्या स्पर्धेत नॉर्वेने मोरोक्को आणि स्कॉटलंडशी बरोबरी साधली आणि 23 जून 1998 रोजी मार्सेय येथे ब्राझीलला 2-1 असे हरवून बाद फेरी गाठली. तोरे आंद्रे फ्लो यांनी 83 व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि पाच मिनिटांनी शेतिल रेकडाल यांनी पेनल्टीवर विजयी गोल केला. नॉर्वेच्या फुटबॉलमधला हा आजही सर्वाधिक आठवला जाणारा सामना आहे. पुढच्या फेरीत इटलीने त्यांना 1-0 असे नमवले. सोलबाक्कन 2000 च्या युरो स्पर्धेतील संघातही होते. तेथे नॉर्वेने स्पेनला हरवूनही संघाचे आव्हान साखळीतच आटोपले.

या दोन स्पर्धा लक्षात ठेवायला हव्यात, कारण 2000 नंतर नॉर्वेचा पुरुष संघ पाव शतकभर एकाही मोठ्या स्पर्धेत खेळला नाही. देशाला पुन्हा विश्वचषकापर्यंत नेणारा प्रशिक्षक त्या शेवटच्या पिढीतलाच एक खेळाडू असावा, हा योगायोग नॉर्वेच्या चाहत्यांना विशेष भावतो.

एगिल ओल्सेन यांचा त्यांच्यावर किती प्रभाव आहे?

पुष्कळ आहे, पण तो आंधळा नाही. ‘ड्रिलो’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ओल्सेन यांनी 1990 ते 1998 या काळात नॉर्वेला क्षेत्रीय बचावाची शिस्त लावली. प्रत्येकाने एका प्रतिस्पर्ध्यामागे धावण्याऐवजी आपापला भाग राखायचा, चेंडू मिळताच तो लांब पासने वेगाने पुढे पोहोचवायचा आणि चेंडू जवळ नसलेल्या खेळाडूंनीही सतत धावत राहायचे, असा तो खेळ होता. त्या बळावर हा छोटा देश फिफाच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला. सोलबाक्कन यांनी क्षेत्रीय बचावाची ही शिस्त जशीच्या तशी उचलली, परंतु लांब पासवरची भिस्त त्यांनी कमी केली. त्यांच्या संघांना जमिनीवरून, छोट्या अंतराच्या पासांनी मधल्या भागातून पुढे जाण्याची मुभा असते.

13 मार्च 2001 रोजी नेमके काय घडले?

2000 च्या ऑगस्टमध्ये सोलबाक्कन एफसी कोपनहेगन या क्लबमध्ये दाखल झाले होते. रॉय हॉजसन तेव्हा तेथील प्रशिक्षक होते. 13 मार्च 2001 रोजी सराव सुरू असताना सोलबाक्कन अचानक कोसळले. त्यांचे हृदय बंद पडले होते. क्लबचे डॉक्टर तत्काळ धावून आले, त्यांनी छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न केले आणि रुग्णालयाकडे नेत असताना, सुमारे सात मिनिटांनंतर, त्यांच्या शरीरात पुन्हा धुगधुगी आली. वैद्यकीय परिभाषेत ती सात मिनिटे ते मृत होते. त्यानंतर एक दिवसाहून अधिक काळ ते बेशुद्धावस्थेत होते.

त्यांच्या हृदयात जन्मजात दोष असल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि पेसमेकर बसवण्यात आला. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार त्यांनी खेळ थांबवला. तेव्हा त्यांचे वय 33 वर्षे होते. कोपनहेगनने त्याच हंगामात लीग जिंकली.

अनेक लेखांत या घटनेकडे चमत्कार म्हणून पाहिले जाते. मला ते पटत नाही. डॉक्टर सरावाच्या जागी हजर होते, त्यांना काय करायचे ते ठाऊक होते आणि त्यांनी क्षणही वाया घालवला नाही, म्हणून सोलबाक्कन वाचले. ज्या मैदानांवर मुले आणि हौशी खेळाडू रोज खेळतात, त्या प्रत्येक ठिकाणी हृदयस्पंदन पूर्ववत करणारे यंत्र आणि ते वापरू शकणारी एक तरी प्रशिक्षित व्यक्ती असायला हवी. ही गोष्ट नॉर्वेतल्या क्लबांइतकीच आपल्याकडच्या शाळांनाही लागू आहे.

ख्रिश्चन एरिक्सनच्या घटनेशी त्यांचे नाव का जोडले जाते?

12 जून 2021 रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्क आणि फिनलंड यांच्यातील सामन्यात डॅनिश मध्यरक्षक एरिक्सन मैदानावरच हृदय बंद पडून कोसळला. हा सामना पार्केन या मैदानावर होता, जे एफसी कोपनहेगनचे घरचे मैदान आहे. शहर तेच, दोघेही मध्यरक्षक आणि दोघांनाही तत्काळ उपचारांनी वाचवले, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची घटना सर्वांना आठवली. फरक असा की एरिक्सनच्या शरीरात बसवलेल्या यंत्रासह त्याला पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळता आले, तर सोलबाक्कन यांचे खेळणे त्या दिवशी कायमचे थांबले.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात कोठे केली?

त्यांनी आपल्या जुन्या हामकाममध्ये सुरुवात केली. 2002 मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. 2003 मध्ये त्यांनी त्याला वरच्या श्रेणीत नेले आणि 2004 मध्ये, म्हणजे परतल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, हामकामने पाचवा क्रमांक मिळवला. अल्प पैसा आणि मर्यादित खेळाडू हाताशी असताना मिळालेले हे यश पाहूनच कोपनहेगनने त्यांना बोलावले.

कोपनहेगनमधील पहिल्या कार्यकाळात त्यांनी काय साध्य केले?

2006 च्या आरंभी ते कोपनहेगनचे प्रशिक्षक झाले. ज्या क्लबच्या सरावात त्यांचे हृदय थांबले होते, त्याच क्लबची जबाबदारी पाच वर्षांनी त्यांच्याकडे आली. 2006, 2007, 2009, 2010 आणि 2011 अशी पाच लीग विजेतेपदे त्यांनी पहिल्या साडेपाच वर्षांतच मिळवली. शिवाय 2009 मध्ये डॅनिश चषकही जिंकला.

युरोपीय पातळीवर कोपनहेगनला प्रथम ओळख मिळाली ती 2006 मध्ये. पात्रता फेरीत घरच्या मैदानावर आयाक्सकडून 1-2 असे हरल्यावर त्यांनी अॅम्स्टरडॅममध्ये 2-0 असा विजय मिळवला आणि क्लब प्रथमच चॅम्पियन्स लीगच्या साखळी फेरीत पोहोचला. त्या साखळीत 1 नोव्हेंबर 2006 रोजी मार्कुस अॅलबॅक यांच्या गोलवर मँचेस्टर युनायटेडला 1-0 असे हरवण्यात आले. सेल्टिकविरुद्ध 3-1 असा विजयही मिळाला. 7 गुण मिळवूनही संघ गटात शेवटचा राहिला, पण घरच्या तिन्ही सामन्यांत तो अपराजित होता.

2010-11 चा हंगाम एवढा महत्त्वाचा का मानला जातो?

कारण त्या हंगामात चॅम्पियन्स लीगची बाद फेरी गाठणारा कोपनहेगन हा पहिला डॅनिश क्लब ठरला. पात्रतेच्या अखेरच्या टप्प्यावर त्यांनी नॉर्वेच्याच रोझेनबोर्गला बाहेरच्या मैदानावरील गोलच्या नियमाने (दोन सामन्यांतील एकूण गोल समान असल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ तेव्हा पुढे जात असे) मागे टाकले. साखळीत बार्सिलोना, रुबिन कझान आणि पानाथिनाइकोस हे संघ होते. कोपनहेगनने 10 गुणांसह दुसरे स्थान मिळवले.

2 नोव्हेंबर 2010 रोजी पार्केनवर बार्सिलोनाशी झालेला 1-1 असा सामना या वाटचालीचा कळस होता. पेप गार्डिओला यांचा तो संघ त्या काळी जगात सर्वोत्तम होता आणि त्याच हंगामात त्याने ही स्पर्धा जिंकलीही. लिओनेल मेस्सीने गोल केल्यावर अवघ्या मिनिटभरात क्लाउदेमीरने बरोबरी साधली. कोपनहेगनने केवळ आपल्या गोलसमोर गर्दी करून हा गुण मिळवला नव्हता. चेंडू मिळताच ते पुढे जात होते आणि बार्सिलोनाच्या बचावफळीला मागे वळून धावायला लावत होते. सामन्यानंतर गार्डिओला आणि सोलबाक्कन यांच्यात मैदानावरच शाब्दिक चकमक झाली. तिची चित्रफीत आजही फिरते, पण त्या चकमकीपेक्षा त्या रात्रीचा खेळ पाहणे अधिक फायद्याचे आहे.

पुढच्या फेरीत चेल्सीने कोपनहेगनमध्ये 2-0 असा विजय मिळवला. लंडनमधला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. देशांतर्गत लीगमध्ये मात्र त्या हंगामात कोपनहेगनला आव्हानच उरले नाही. 81 गुण आणि दुसऱ्या क्रमांकावरील संघापेक्षा 26 गुणांची आघाडी घेऊन त्यांनी विजेतेपद मिळवले.

त्यांच्या खेळाच्या पद्धतीत विशेष काय आहे?

कोपनहेगनच्या काळात ते प्रामुख्याने चार बचावपटू, चार मध्यरक्षक आणि दोन आघाडीपटू अशी मांडणी वापरत. कागदावर ही मांडणी जुनी वाटते, पण तिचा वापर त्यांनी वेगळ्या तऱ्हेने केला. दोन्ही बाजूंचे मध्यरक्षक कडेला न थांबता आत येत आणि त्यांनी मोकळी केलेली कडेची जागा बाजूचे बचावपटू वर येऊन भरत. येस्पर ग्रोनकेअर यांच्यासारखा मूळचा कडेने धावणारा खेळाडू या पद्धतीत आत येऊन खेळवणारा झाला आणि उजव्या बाजूने झ्देनेक पोस्पेख आणि डाव्या बाजूने ऑस्कर वेंट हे बचावपटू असूनही सतत हल्ल्यात दिसू लागले. पुढे दाम एन्दोय आणि सेझार सांतिन ही जोडी होती. मध्यभागी विल्यम क्विस्ट आणि क्लाउदेमीर सामन्याची लय ठरवत.

बचावात प्रतिस्पर्ध्याला नव्हे, तर जागेला महत्त्व असते. चेंडू उजवीकडे गेला की संपूर्ण संघ उजवीकडे सरकतो, चेंडू मागे गेला की संपूर्ण रांग वर सरकते आणि दोन खेळाडूंमधले अंतर वाढू दिले जात नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण अकरा जणांनी एकाच वेळी, न बोलता, नव्वद मिनिटे हे करत राहण्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

2011 मध्ये ते कोलोनला गेले, तेव्हा नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाशी त्यांचा आधी करार झालेला नव्हता का?

झाला होता. 2009 च्या अखेरीस नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने जाहीर केले होते की 2012 पासून ओल्सेन यांच्या जागी सोलबाक्कन येतील. परंतु 2011 मध्ये जर्मनीतील कोलोनने त्यांना मागणी घातली, महासंघाने त्यांना मोकळे केले आणि राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे येण्यास आणखी नऊ वर्षे लागली.

कोलोनमध्ये त्यांना प्रतिकूल परिस्थिती मिळाली. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांनी शहराचा लाडका खेळाडू लुकास पोडोल्स्की याच्याकडून कर्णधारपद काढून पेड्रो जेरोमेल याच्याकडे दिले. या निर्णयाने प्रसारमाध्यमे ढवळून निघाली. नोव्हेंबरमध्ये क्लबचे अध्यक्ष वोल्फगांग ओव्हरॅट यांनी पद सोडले. मार्चमध्ये क्रीडा संचालक फोल्कर फिंके गेले. ज्या क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या वर बसलेली माणसेच एका वर्षात निघून जातात, तेथे क्षेत्रीय बचाव शिकवण्याइतकी शांतता कोठून मिळणार? खेळाडूंनाही ही पद्धत अंगवळणी पडली नाही, संघाने गोल मोठ्या संख्येने खाल्ले आणि 2012 च्या एप्रिलमध्ये, माइन्झकडून 0-4 असा पराभव झाल्यावर, सोलबाक्कन यांना दूर करण्यात आले. कोलोन त्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत गेले. पोडोल्स्कीने मात्र त्याच हंगामात लीगमध्ये 18 गोल केले होते, त्यामुळे हल्ल्याच्या बाबतीत सोलबाक्कन यांची पद्धत पूर्णपणे फसली असे म्हणता येत नाही. दोष बचावात होता आणि तो मोठा होता.

वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये काय झाले?

प्रीमियर लीगमधून नुकत्याच खाली आलेल्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने 2012 च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक केली. हंगामाच्या सुरुवातीलाच स्टीव्हन फ्लेचर आणि मॅट जार्व्हिस हे दोन महत्त्वाचे खेळाडू विकले गेले. पहिल्या काही आठवड्यांतील चांगल्या सुरुवातीनंतर संघ घसरत गेला आणि 5 जानेवारी 2013 रोजी एफए चषकात लीगबाहेरच्या ल्यूटन टाउनकडून 0-1 असा पराभव झाल्यावर त्याच दिवशी त्यांना पदमुक्त करण्यात आले. डीन सॉन्डर्स यांच्याकडे सूत्रे गेल्यावरही पडझड थांबली नाही आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला.

कोलोन आणि वुल्व्हरहॅम्प्टन या दोन्ही ठिकाणी मिळून त्यांना दीड वर्षही मिळाले नाही. हा त्यांच्या बचावाचा युक्तिवाद म्हणून मी मांडत नाही, कारण मोठ्या लीगमधील प्रशिक्षकाने कमी वेळात निकाल द्यावेत ही अपेक्षा गैर नाही. मात्र त्यांची पद्धत रुजायला वेळ मागते आणि तो वेळ न मिळाल्यास ती संघाला अधिक असुरक्षित करते, हे या दोन अनुभवांवरून स्पष्ट दिसते. हा त्या पद्धतीचा खरा दोष आहे.

कोपनहेगनमधील दुसरा कार्यकाळ पहिल्याइतकाच यशस्वी होता का?

2013 च्या ऑगस्टमध्ये ते परतले आणि सात वर्षे राहिले. या काळात 2016, 2017 आणि 2019 अशी तीन लीग विजेतेपदे आणि 2015 ते 2017 असे सलग तीन डॅनिश चषक त्यांनी मिळवले. 2016-17 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या साखळीत लेस्टर सिटी, पोर्तो आणि ब्रुज यांच्या गटात 9 गुण मिळवूनही तिसरा क्रमांक लागला.

युरोपात या काळातली सर्वांत मोठी मजल 2020 मध्ये मारली गेली. सेल्टिकला ग्लासगोमध्ये 3-1 असे हरवून आणि नंतर इस्तंबूल बाशाकशेहिरला मागे टाकून कोपनहेगन युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. करोनाच्या साथीमुळे तो सामना रिकाम्या मैदानावर आणि एकाच लढतीत खेळवण्यात आला. ठिकाण होते कोलोन, म्हणजे ज्या शहरातून आठ वर्षांपूर्वी सोलबाक्कन यांना जावे लागले होते. मँचेस्टर युनायटेडने अतिरिक्त वेळेत ब्रुनो फर्नांडिसच्या पेनल्टीवर 1-0 असा विजय मिळवला. गोलरक्षक कार्ल-योहान योन्सनने अडवलेले फटके पाहता सामना त्याआधीच सुटला नाही, याचे श्रेय त्याच्याकडे जाते. दोनच महिन्यांनी, नव्या हंगामाची सुरुवात खराब झाल्यावर आणि क्रोएशियाच्या रियेका क्लबकडून हरून युरोपातील प्रवेश हुकल्यावर, 10 ऑक्टोबर 2020 रोजी क्लबने त्यांच्याशी काडीमोड घेतला.

नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाचे ते केव्हा प्रशिक्षक झाले आणि सुरुवातीला त्यांच्यावर टीका का झाली?

डिसेंबर 2020 मध्ये लार्स लागरबॅक यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. मार्च 2021 मध्ये ओडेगार्डकडे कर्णधारपद देण्यात आले. कतारमधील स्थलांतरित कामगारांच्या स्थितीकडे लक्ष वेधण्यासाठी मानवी हक्कांविषयीचा संदेश छापलेले टी-शर्ट घालून नॉर्वेचे खेळाडू मैदानात उतरले, ते याच महिन्यात आणि सोलबाक्कन यांच्या पहिल्याच सामन्यात.

निकाल मात्र मनासारखे लागले नाहीत. 2022 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत नेदरलँड्स आणि तुर्कस्तान यांच्या मागे नॉर्वे तिसरा राहिला. हालांड दुखापतीमुळे शेवटच्या सामन्यांत नव्हता, पण लाटव्हियाशी घरच्या मैदानावर झालेली गोलशून्य बरोबरी कोणत्याही कारणाने समर्थनीय नव्हती. युरो 2024 च्या पात्रतेत स्पेन आणि स्कॉटलंड पुढे गेले. 17 जून 2023 रोजी ऑस्लोमध्ये स्कॉटलंडविरुद्ध हालांडच्या पेनल्टीमुळे नॉर्वे आघाडीवर होता. शेवटच्या काही मिनिटांसाठी सोलबाक्कन यांनी हालांडला बाहेर बोलावले आणि त्यानंतर 87 व्या आणि 89 व्या मिनिटाला दोन गोल खाऊन संघ हरला. त्यांच्या राष्ट्रीय संघाच्या कारकिर्दीतला हा सर्वांत कठीण दिवस होता. ऑक्टोबर 2024 मध्ये ऑस्ट्रियाकडून 1-5 असा पराभव झाल्यावर त्यांच्या राजीनाम्याची चर्चा पुन्हा सुरू झाली.

मग महासंघाने त्यांना काढले का नाही, आणि संघात काय बदलले?

महासंघाने दोन अपयशी मोहिमांनंतरही त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या मते या संपूर्ण कहाणीतला हाच सर्वांत निर्णायक निर्णय होता. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक वर्षातून जेमतेम दहा सामने आणि काही आठवड्यांचा सराव एवढाच वेळ खेळाडूंबरोबर घालवतात. क्लबमध्ये जी पद्धत एका हंगामात मुरते, तिला येथे तीन-चार वर्षे लागणे स्वाभाविक होते.

दरम्यान संघाची घडणही बदलली. हालांडच्या जोडीला अलेक्झांडर सोरलोथ हा दुसरा उंच आघाडीपटू अनेकदा खेळू लागला. डाव्या बाजूला अंतोनियो नुसासारखा चकवा देणारा तरुण आला. मध्यभागी सांदर बेर्गे आणि पॅट्रिक बर्ग यांनी ओडेगार्डला पुढे खेळण्याची मोकळीक दिली. बचाव हा संघाचा पूर्वापार कच्चा दुवा होता. तेथे क्रिस्टोफर आयर आणि तोरब्योर्न हेग्गेम ही जोडी स्थिरावली. बचावाच्या कामात सोलबाक्कन यांना ब्रेडे हांगेलांड यांची साथ आहे. हांगेलांड हे नॉर्वेचे माजी कर्णधार असून 2006 ते 2008 या काळात ते कोपनहेगनमध्ये सोलबाक्कन यांच्याच हाताखाली खेळले होते, त्यामुळे क्षेत्रीय बचावाचा धडा त्यांना नव्याने गिरवावा लागला नाही. ऑस्ट्रियाविरुद्धच्या त्या पराभवानंतर पुढच्याच महिन्यात नॉर्वेने स्लोव्हेनियाला 4-1 आणि कझाकस्तानला 5-0 असे हरवून नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेतील आपला गट जिंकला.

2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत नॉर्वेची कामगिरी कशी होती?

इटली, इस्रायल, एस्टोनिया आणि मोल्दोव्हा यांच्या गटात नॉर्वेने आठही सामने जिंकले, 37 गोल केले आणि फक्त 5 गोल स्वीकारले. हालांडने एकट्याने 16 गोल केले. 6 जून 2025 रोजी ऑस्लोच्या उल्लेव्हाल मैदानावर सोरलोथ, नुसा आणि हालांड यांनी मध्यंतरापूर्वीच गोल करून इटलीला 3-0 असे हरवले. या पराभवामुळे इटलीचे प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती यांचे पद गेले. सप्टेंबरमध्ये मोल्दोव्हाविरुद्ध 11-1 असा विजय मिळाला, त्यात हालांडचे पाच आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या थेलो ओसगार्डचे चार गोल होते. 16 नोव्हेंबर 2025 रोजी मिलानमध्ये इटलीला पुन्हा 4-1 असे नमवून पात्रतेवर शिक्कामोर्तब झाले. डिसेंबरमधील सोडतीत नॉर्वेचा समावेश फ्रान्स आणि सेनेगल असलेल्या गटात झाला.

हे यश हालांडचे की प्रशिक्षकाचे?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. हालांड आणि ओडेगार्ड 2021 मध्येही संघात होते आणि तेव्हा नॉर्वे पात्र ठरला नव्हता, यावरून केवळ दोन महान खेळाडू पुरेसे नसतात हे दिसते. उलटपक्षी, 16 गोल करणारा आघाडीपटू नसता तर हाच प्रशिक्षक हीच पद्धत घेऊन कदाचित पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर राहिला असता. 2025 मध्ये बदलले ते हे की चेंडू हालांडपर्यंत पोहोचवण्याचे मार्ग वाढले. पूर्वी ओडेगार्डला रोखले की नॉर्वेचा हल्ला थांबत असे. आता डावीकडून नुसा, उजवीकडून ज्युलियन रायर्सन आणि हवेतून सोरलोथ असे पर्याय आहेत. कोणाला कोठे उभे करायचे हे ठरवणे प्रशिक्षकाचे काम आहे, आणि ते सोलबाक्कन यांनी उत्तम केले.

त्यांच्या नावावर एकूण किती प्रमुख विजेतेपदे आहेत?

प्रशिक्षक म्हणून कोपनहेगनसह आठ डॅनिश लीग विजेतेपदे आणि चार डॅनिश चषक त्यांच्या नावावर आहेत. खेळाडू म्हणून त्यांनी आबकडून 1999 मध्ये डॅनिश लीग जिंकली. 2001 मध्ये कोपनहेगनने जिंकलेल्या हंगामाच्या पूर्वार्धातही ते त्या संघाकडून खेळले होते.

त्यांची पद्धत समजून घेण्यासाठी कोणते सामने पाहावेत?

तीन सामने पुरेसे आहेत. पहिला, 2010 चा कोपनहेगन-बार्सिलोना सामना. त्यात चेंडूकडे न पाहता कोपनहेगनच्या मधल्या चार जणांमधले अंतर पाहावे. दुसरा, 2023 चा नॉर्वे-स्कॉटलंड सामना, कारण शेवटच्या दहा मिनिटांत रांग मागे सरकली आणि मधली जागा मोकळी पडली की ही पद्धत कशी कोसळते, ते तेथे स्पष्ट दिसते. तिसरा, 2025 चा मिलानमधला इटली-नॉर्वे सामना. नऊ गोलच्या फरकाने हरल्याशिवाय नॉर्वेची पात्रता धोक्यात येणार नव्हती, तरीही पहिल्या अर्ध्या भागात 0-1 असा पिछाडीवर पडलेला संघ मध्यंतरानंतर संपूर्ण रांग वर नेऊन खेळला. 63 व्या मिनिटाला नुसाने बरोबरी साधली, 78 व्या आणि 79 व्या मिनिटाला हालांडने दोन गोल केले आणि भरपाईच्या वेळेत योर्गन स्ट्रँड लार्सनने चौथा गोल केला.